दाद द्या, नारळ आवरा!

दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन नवी कथा रचणाऱ्या लेखकाला आपण मराठी वाचक फुकटात राबवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजीत या प्रकाराला 'फॅन फिक्शन' असं भारदस्त नाव आहे. आमच्या भोर-वेल्ह्याकडे त्याला 'गुर्जींनी लिवलंय' म्हणतात.

शिवजयंती किंवा गणपती आले, की कुठले तरी गुरुजी वही उघडतात. इकडे तोरणा, तिकडे राजगड. पात्रं उसनी आणायला लांब जावं लागत नाही. बखरीत ज्यांना पाटसुद्धा मिळाला नाही, त्यांना गुरुजी पंगतीत बसवतात. पद्मावती माचीवर पाणी वाहणारा पखालवाला त्यांच्या नाटकात चक्क बोलतो! प्रयोग रंगतो. महाराज झालेल्या किराणा दुकानदाराला हार, मांडववाल्याला टॉवेल-टोपी, अध्यक्षांना शाल आणि नारळ. गुरुजी विंगेत वही धरून उभेच. हस्तपत्रिकेत त्यांचं नाव कुठं? माईकवाल्याच्या खाली.

यावर लोक म्हणतात, "पात्रं तर आयतीच होती! यांनी केलं काय?" अहो, तांदूळ आंबेमोहोर असला, म्हणून भात आपोआप शिजतो का? आपल्याच जिल्ह्यात, बारामतीला, मोरोपंतांनी 108 रामायणं रचली असं सांगतात. त्यांतलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. 'म' वर्ज्य, म्हणजे रामाचं नावसुद्धा घ्यायची पंचाईत! खांडेकरांची 'ययाति' (1959) आणि सावंतांचं 'मृत्युंजय' (1967) यांतली पात्रंही व्यासांच्याच घरची. त्यांना आपण डोक्यावर घेतो आणि गुरुजींना मात्र उसनवारीचा हिशेब विचारतो.

बरं, दाद देतो तीही कशी? पहिला म्हणतो, "छान!" हा शब्द आपण चहालाही वापरतो. दुसरा विचारतो, "पुढचा भाग कधी?" जणू रतीबच लावलाय! तिसरा चष्मा सावरून म्हणतो, "पण हे खरंच घडलं होतं का?" या तिसऱ्याला तर पखालीसकट राजगड चढवला पाहिजे.

यांच्यापेक्षा इंग्रज सरकार परवडलं. खाडिलकरांनी महाभारतातला कीचक उचलून 1907 साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. सरकारनं त्यात कर्झनसाहेबाला बरोबर ओळखलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. हेतू दुष्ट होता, पण वाचन काळजीपूर्वक होतं! मित्रांनी निदान शत्रूइतकं तरी नीट वाचावं, एवढंच माझं मागणं आहे.

यात खर्च काही नाही. कुठल्या वाक्याला घशात आवंढा आला, ते वाक्य लेखकाला सांगा. चार ओळींचं पत्र लिहा. वहीचे फोटो मोबाइलवरून गावभर फिरवता, त्यात लेखकाच्या नावाचं पानही असू द्या. चूक दिसली तर एकट्याला गाठून सांगा, पारावर नव्हे. आणि नेलेली वही परत करा! ती एकच प्रत असते.

या लेखकाला उसन्या पात्रांवर पैसा मिळत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो लिहितो ते कुणी तरी मन लावून वाचेल या आशेवर. ती आशा सुटली की वही माळ्यावर जाते आणि तो पखालवाला पुन्हा मुका होतो. त्याच्या तोंडचं एखादं वाक्य तुम्हाला आठवत असेल, तर उद्या सकाळी गुरुजींना गाठा. नारळ नेऊ नका, वाक्य न्या.