लहरीपुऱ्यात मुक्काम

लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे निघालं की दुकानांच्या पाट्यांवर नजर टाकायची. अजून कुठे कुठे कोरीव लाकडी तुळई डोकावते. बडोद्यातले असे वाडे पडतात ते म्हातारपणाने कमी, बेवारसपणाने जास्त. घराला वापर हवा. अहमदाबादेत सिदी सय्यद मशिदीसमोरची मंगलदास गिरधरदासांची १९२४ सालची हवेली आज हॉटेल म्हणून नांदते आहे. बडोद्यात असं का होऊ नये?

व्हावं, पण घाईने नको. जुन्या वाड्याचा खरा शत्रू न्हाणीघर! प्रत्येक खोलीला जोडून एक काढायचं, म्हणजे लाकडी तक्तपोशीवर रोज पाणी. गळती आधी तुळईच्या टोकाला लागते, भिंतीत शिरलेल्या, न दिसणाऱ्या टोकाला. वरून सिमेंटचा गिलावा मारला की चुन्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडते. पाहुणा मात्र मऊ दिव्यांत खूष.

पलीकडे सूरसागराकाठच्या न्यायमंदिराची गोष्ट निराळी. वास्तुकार चिझमने आखलेली १८९६ची ती वास्तू बाजारासाठी बांधली आणि तिथे कोर्ट भरलं. कोर्ट गेलं म्हणून तिथे खोल्या भाड्याने देण्याचा विचार कुणी मनातही आणू नये. ती गावाची आहे. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रंही गावाचीच. खासगी वाड्यांत मात्र जरूर हॉटेलं निघोत. परवाना देताना पालिकेने आधी नळाचा नकाशा मागावा, शोभेचा नंतर.