मुक्काम कशासाठी? हौस म्हणून!

तंबू ठोकून रानात, नदीकाठी राहायला जाणे ही शहरातल्या पैसेवाल्यांची हौस आहे, असे आपल्यातल्याही पुष्कळ कार्यकर्त्या मानतात. भंडारा जिल्ह्यात काम करताना हे मत मला वारंवार ऐकू येते. बचत गटातल्या बायांसाठी दोन रात्रींचे निवासी शिबिर ठरवले की कोणीतरी विचारतेच, ‘जे सांगायचे ते सभागृहात एका दिवसात सांगून होते, मग मुक्काम कशाला?’ अनुदान देणाऱ्यांनाही आता ‘एकदिवसीय कार्यशाळा’ अधिक आवडते. जेवण एकदा, प्रवासभाडे एकदा, सह्या एकदा. हिशेब सोपा होतो. पण या सोप्या हिशेबातून बाईची रात्र गळून पडते. मला त्या रात्रीविषयीच बोलायचे आहे.

आक्षेप उडवून लावण्यासारखा मात्र नाही. जिच्या घराचे कवेलू पावसाळ्यात गळते, तिला कापडाच्या छपराखाली झोपण्याचे काय कौतुक? जंगल तर तिची कामाचीच जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. गुरांनी, रानडुकरांनी खाण्याआधी ती वेचायची तर अंधारातच टोपली घेऊन निघावे लागते. मे महिन्यात तेंदूपाने. पहाटे तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळपर्यंत मोजून द्यायचे. त्याच मोसमात, त्याच जंगलाच्या दुसऱ्या बाजूने पर्यटक जिप्सीतून वाघ बघायला येतो. वाघ दिसला तर त्याचे पैसे वसूल होतात. मोह वेचणाऱ्या बाईला दिसला तर तिच्या जिवावर बेतते. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, कोका २०१३ साली. या जंगलांच्या आसपासच्या गावांतल्या बाईला ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे सांगायला जाणे हा शुद्ध आगाऊपणा ठरेल.

मग मुक्कामाची गोडी असते तरी कशात? माझ्या मते ती कष्टात नसते, कष्ट आपण होऊन पत्करण्यात असते. जमिनीवर झोपणे हा एखाद्या बाईचा रोजचाच भाग असेल, पण ‘आज मला इथे झोपायचे आहे’ असे तिने स्वतः ठरवणे हा रोजचा भाग नसतो. शहरातला माणूस तंबूत जातो तेव्हा तो फोन, साहेब आणि घड्याळ यांच्यापासून सुटतो. आपली बाई जाते तेव्हा ती चुलीपासून सुटते. जात दोघांचीही एकच, चार घटका स्वतःच्या हक्काच्या मागणाऱ्यांची.

गेल्या हिवाळ्यात वैनगंगेच्या काठी आमचे शिबिर झाले. बिछायत केंद्रातून कनाती आणि खाटा भाड्याने आणल्या होत्या. रात्रीचे सत्र नऊला संपले, पण एक वाजेपर्यंत कोणी झोपायला तयार नव्हते. शेकोटीभोवती गाणी झाली, नकला झाल्या. नवऱ्याच्या, सासूच्या, तलाठ्याच्या आणि अर्थातच माझ्याही. साठी उलटलेली एक आजी पदर खोचून नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले तरी निम्म्या जणी पांघरुणात होत्या. या बायांना त्यांच्या गावात मी सातपर्यंत झोपलेल्या कधीच पाहिलेल्या नाहीत. एकीला विचारले, ‘काय हो काकू, काय आवडलं?’ ती म्हणाली, ‘ताई, उठल्याबरोबर कोणाचा चहा मांडा लागत नाही, हेच तं सुख आहे.’ नदी, चांदणे, थंडी हे सगळे तिने पाहिले होतेच. पण तिच्या यादीत पहिला आला तो न मांडलेला चहा.

अशा मुक्कामात आणखी एक गोष्ट घडते, जी सभागृहात घडत नाही. आमच्याकडे स्वयंपाक पाळीने असतो आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्यामुळे कोणाच्या हातचे कोण खाते हा प्रश्न भाषणाशिवायच समोर येतो. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवरच्या आपल्या अनुभवावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकाच देवाचे नाव घेणाऱ्या लोकांच्या जेवणाच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांना बोचले होते. नुसते एकत्र राहिल्याने जात जात नाही, हे खरेच. पण एकाच पातेल्यातला भात आणि शेजारी-शेजारी खाटा यांनी बोलणे तरी सुरू होते. मारहाणीच्या कितीतरी कहाण्या मला दिवसाच्या सत्रात कधी ऐकू आल्या नाहीत. त्या अंधारात, दिवा मालवल्यावर ऐकू आल्या.

कोणी म्हणेल, आपल्याकडच्या बाया रात्री बाहेर पडतातच की! पडतात. धानकापणी उरकली की झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा मोसम सुरू होतो. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते आणि बाया चादरी पांघरून, लेकरे मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत पाहतात. महाशिवरात्रीला आपल्या विदर्भातून माणसे पचमढीच्या महादेवाला जातात. आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना हजारो बाया राहुट्यांत, पालांत, उघड्यावर मुक्काम करतात. तंबूत राहण्याचा मराठी बाईचा अनुभव शोधायचा तर तो वारीतच सापडेल. तेव्हा बाईला उघड्यावरची रात्र अनोळखी नाही. तिला ती मिळते मात्र देवाच्या नावाने, नाही तर कुटुंबासोबत किंवा कामासाठी. मी समाजकार्याचे शिक्षण घेत असताना ग्रामीण शिबिर हा अभ्यासक्रमाचा भाग होता. मला घरून परवानगी मिळाली ती गुणांच्या नावाने. पुरुषाला ‘सहज जाऊन येतो’ एवढे म्हणून भागते. बाईला कारण दाखवावे लागते.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला. बाईला सार्वजनिक जागेत काही काम असेल तरच मान्यता मिळते. नुसते रेंगाळण्याचा, मजा करण्याचा तिचा हक्क मात्र कोणी मानत नाही. बंगलोरच्या ‘ब्लँक नॉइज’ने तर बायांनी बागेत एकत्र येऊन नुसते झोपायचे, असा उपक्रमच काढला. हे शहरातले चोचले वाटतील. पण नदीकाठी सातपर्यंत झोपलेल्या आमच्या बाया वेगळे काय करत होत्या?

मुलींना ही हौस कोणी शिकवावी लागत नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये मुलग्यांचे पहिले बालवीर शिबिर घेतले. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुली आपण होऊन गणवेश चढवून हजर झाल्या. त्यातून १९१० साली गर्ल गाइड्सची चळवळ उभी राहिली. जपानच्या जुंको ताबेई यांनी १९६९ साली बायांचाच गिर्यारोहण संघ काढला आणि १९७५ साली एव्हरेस्ट चढणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, तेव्हा घरी त्यांची लहान मुलगी होती. बाया वाट पाहत बसल्या नाहीत, म्हणून वाट झाली.

आता आपल्या दारातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने आठवी-नववीच्या मुलांसाठी निसर्ग शिबिर काढले. मुलगे रात्री तंबूत राहिले. मुलींना त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने परत पाठवले. पालकांची तक्रार नको, हे कारण. प्रत्यक्षात पालकांना कोणी विचारलेच नव्हते. आम्ही काही आयांना विचारले. बहुतेकींचे म्हणणे एकच होते, ‘बाई मास्तरीण संग असन तं जाऊ द्या की.’ मुलग्यांनी त्या रात्री आकाश पाहिले, घुबडाचा आवाज ऐकला, भीती कशी आवरायची ते शिकले. मुलींनी काय शिकले? रात्र आपली नाही, एवढेच.

सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर बंदोबस्तात आहे, बंदीत नाही. आम्ही काही नियम पाळतो. शिबिर धानाची मळणी आटोपल्यावर आणि मोह गळायला लागण्याआधी ठेवायचे, म्हणजे कोणाची मजुरी बुडत नाही. राखीव जंगलात मुक्काम करायचा नाही, गावाला आणि पोलीस पाटलाला आधी कळवायचे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, म्हणून प्रत्येकीला खाट आणि मच्छरदाणी. संडास तंबूपासून हाकेच्या अंतरावर, वाटेवर दिवा, पाण्याची आणि पाळीच्या कापडाची सोय. लहान लेकरे असतील तर ती सांभाळायची पाळी वेगळी. आणि ज्या घरांतली माणसे सहलीला जाऊन तिथेही ‘जरा भजी कर’ म्हणतात, त्या सहलीला आम्ही मुक्काम म्हणत नाही. ती चुलीची बदली झाली.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, शिबिरातली मुक्कामाची रात्र काटकसरीच्या नावाखाली कापू नका. अर्जात लिहिताना तिला प्रशिक्षणाचा मुलामा देऊ नका. ‘विश्रांती आणि करमणूक’ असे स्पष्ट लिहा आणि त्याचा खर्च मागा. आपापल्या गावातल्या शाळेत जाऊन विचारा, मुलगे मुक्कामाला गेले तेव्हा मुली कुठे होत्या? समान वेतन, जमिनीवर नाव, मारहाणमुक्त घर या मागण्या आपण मागतच आहोत आणि मागत राहू. त्यांच्या शेजारी हौसेची मागणी ठेवायला लाजायचे कारण नाही. कामासाठी अंधारात घराबाहेर पडणाऱ्या बाईला मौजेसाठीही बाहेर राहता आले पाहिजे.