मोड

बार्शीटाकळीत सोनारकीची आमची ही तिसरी पिढी. दिवाळी झाली आणि ओळखीतल्या एक बाई आजेसासूची बोरमाळ घेऊन आल्या. "काका, मोडून टाका. सोयाबीननं औंदाही बुडोलं."

बोरमाळेचा मणी म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. मुशीत टाकली की आधी लाख जळते, वास संध्याकाळपर्यंत दुकानात राहतो. हिशेबात लाख वजा, डाक वजा आणि घडणावळीचं शून्य. तीच घडणावळ नवा दागिना विकताना मात्र आम्ही टक्क्यांनी लावतो. धंद्यातला असून सांगतो, हा हिशेब खोटा आहे. हॉलमार्क सोनं किती शुद्ध ते सांगेल, हात कुणाचा ते नाही.

बाईंना मी रशियाच्या झारची गोष्ट सांगितली. १८८५ पासून तो ईस्टरला राणीला फाबर्जेकडून घडवलेलं अंडं देई. पहिलं वरून नुसतं पांढऱ्या मिन्याचं. उघडलं की सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी. राजघराण्यासाठी अशी ५० झाली. क्रांतीनंतर १८८७ चं अंडं बेपत्ता झालं. पुढं ते अमेरिकेत भंगार सोनं घेणाऱ्या एकाला जुन्या बाजारात मिळालं. सुमारे १४ हजार डॉलर मोजले त्यानं, आटवून नफा काढायला. पण घेणारे म्हणाले, एवढं सोनंच नाही यात. भाव पटला असता तर गेलंच होतं मुशीत! मग आतल्या घड्याळावरचं नाव इंटरनेटवर शोधता शोधता त्याला उमगलं, आणि २०१४ मध्ये लंडनच्या वार्टस्की पेढीनं ते जगापुढं आणलं. उंची जेमतेम आठ सेंटिमीटर.

लांब कशाला? त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा इंग्रजांनी १८१८ मध्ये नेला. ८० कॅरेटच्या वरचा तो हिरा १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं ४३ वर आणला. झळाळी वाढली असेल. उरलेला घासून गेला.

माझ्या भाऊबंदांना म्हणणं एवढंच, की जुनी मोड आली तर आठ दिवस मुशीत टाकू नका. फोटो काढा, घरच्यांना एकदा विचारा, आणि नक्षी शाबूत असेल तर सोन्यावर चार पैसे जास्त द्या. वडिलांच्या काळी एक पुतळ्यांची माळ मीच घाईनं आटवली होती. दुसऱ्या दिवशी त्या घरची लेक पैसे घेऊन आली, तेव्हा माझ्याकडे नुसती लगड होती.

बाईंना सोन्याचे पैसे दिले. बोरमाळ तिजोरीत आहे. दोन मणी चेपलेत, ते अजून सरळ केलेले नाहीत.