एकच गाणं, दोन निवाडे

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमधल्या एका पोस्टडॉकने कंपनीतली नोकरी घेतली. निरोपाचा केक खाताखाताच कुणीतरी म्हणालं, "चला, हाही विकला गेला!" मी बर्कलीत राहते. इथे हा शेरा तीस वर्षांपूर्वीही गाजला होता, तेव्हा तो तीन पोरांवर मारलेला होता.

ग्रीन डे बँडची ही पोरं इथल्या '९२४ गिलमन स्ट्रीट' या पंक क्लबात वाढली. क्लब स्वयंसेवक चालवतात आणि बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे मज्जाव. १९९३ मध्ये ग्रीन डेने 'रिप्रीझ' या बड्या कंपनीशी करार केला आणि बर्कलीतल्याच फँटसी स्टुडिओत, रॉब कॅव्हालो या निर्मात्याबरोबर, जेमतेम तीन आठवड्यांत 'डूकी' रेकॉर्ड केला. पहिलं मिक्सिंग पसंत पडलं नाही, म्हणून ते पुन्हा केलं. १ फेब्रुवारी १९९४ ला अल्बम आला. पुढे एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, ग्रॅमीही मिळालं. गिलमनने मात्र त्यांना वाळीत टाकलं.

गिलमनचा नियम मला पटतो. छोट्या जागेने बड्या पैशाला दार बंद ठेवलं नाही, तर ती जागाच उरत नाही. माझं भांडण नियमाच्या आडून दिलेल्या निवाड्याशी आहे: यांचं संगीतच आता खोटं झालं!

खोटं कसं? 'वेलकम टू पॅरडाइज' हे गाणं आधी 'करप्लंक' या अल्बमवर आलं होतं, 'लुकआउट' या छोट्या स्थानिक कंपनीकडून. घर सोडून ओकलंडच्या पडक्या वस्तीत राहायला गेलेल्या पोराचं ते गाणं. तेच त्यांनी 'डूकी'साठी पुन्हा रेकॉर्ड केलं. गाणं तेच, वाजवणारे तेच. बदललं ते लेबल आणि आवाजाची सफाई. 'बास्केट केस'मध्ये बिली जो आर्मस्ट्राँगने स्वतःच्या जिवाची घालमेल मांडली. ती काय रिप्रीझने पुरवली होती?

हे आपलं सोवळंच झालं. कुणाचा हात लागला ते पाहायचं, पदार्थ चाखायचाच नाही. आणि सोवळं पाळायला भाडं भरणारं दुसरं कुणीतरी लागतं. बिली जो दहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. आई वेट्रेसचं काम करायची. माझ्या सहकाऱ्यामागे व्हिसाची मुदत आहे, दोन मुलांच्या पाळणाघराची फी आहे.

२०१५ मध्ये ओकलंडमधल्या आगीत नुकसान झालेल्यांच्या मदतीसाठी ग्रीन डे पुन्हा गिलमनच्या मंचावर वाजवून आले. लेबल तेव्हाही रिप्रीझच होतं. बंदीला अपवाद करता आला, मग तो निवाडाही कधीतरी मागे घ्यायला काय हरकत होती?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "विकला गेला" म्हणालं, की एवढंच विचारा: नेमकं काय विकलं? कामात काय बिघडलं ते दाखवता येत असेल, तर जरूर दाखवा. येत नसेल, तर निदान केक तरी गोड मानून खा.