गाळली की दाबली?

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या वर्गात एका शब्दावरून मोठी गंमत झाली. सातवीतली एक मुलगी इंग्रजी गोष्टीचं मराठी करत होती. गोष्ट एका वार्ताहराची. त्यात वाक्य आलं, संपादकाने ती बातमी 'स्पाइक' केली. तिने शब्दकोश उघडला. स्पाइक म्हणजे अणकुचीदार खिळा. झालं! तिने वहीत लिहिलं, 'संपादकाने बातमीला खिळा ठोकला.' वर्गात हशा पिकला.

पण ती अर्थाच्या फार जवळ पोहोचली होती बरं का! वाण्याच्या दुकानात बिलं खोचून ठेवायची उभी तार तुम्ही पाहिली असेल. तसाच एक उभा खिळा पूर्वी इंग्रजी वृत्तपत्रांच्या कचेरीत संपादकाच्या टेबलावर असे. जी बातमी छापायची नाही, तिचा कागद त्यात खोचायचा. कागद फाडला नाही, जाळला नाही, पण वाचकांपर्यंत गेलाही नाही. त्यावरून हा शब्द रूढ झाला.

मग मराठीत काय म्हणायचं? मुलांनी फळा भरून टाकला. गाळली, रोखली, दाबली, दडपली. यातला बरोबर कोणता? सगळेच! पण प्रत्येकाची जागा वेगळी.

पानावर जागा नाही किंवा बातमीत काही दम नाही म्हणून काढली, तर ती 'गाळली'. आपण चहा गाळतो तशी. ते तर संपादकाचं कामच. खरंखोटं कळेपर्यंत थांबवली, तर 'रोखून धरली'. पण बातमी खरी आहे, लोकांच्या उपयोगाची आहे, आणि कुणाची तरी पंचाईत होईल म्हणून छापली नाही, तर मात्र ती 'दाबली' किंवा 'दडपली'. आजी दडपे पोहे करते तेव्हा वर झाकण घालून वजन ठेवते ना? बातमी दडपायलाही वजन लागतं. पैशाचं, अधिकाराचं, नाहीतर भीतीचं.

आणि बोलणाऱ्याचं तोंडच बंद केलं तर? ती 'मुस्कटदाबी'. मुस्कट म्हणजे तोंड. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी असाच एक कायदा केला. सरकारविरुद्ध लिहिलं तर जामिनाची रक्कम जप्त, छापखान्याचं सामान जप्त, आणि कोर्टात दादही मागता येत नसे. इंग्रजी वृत्तपत्रांना मात्र तो लागू नव्हता! जानेवारी १८८१ मध्ये आपल्या पुण्यात टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वृत्तपत्रं काढली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. माणसं तीच, गाव तेच, पण कायद्याचा धाक फक्त मराठीतल्या पत्राला. १८८२ साली लॉर्ड रिपनच्या काळात तो कायदा रद्द झाला.

स्वतंत्र भारतातही अशी वेळ आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवायची सक्ती झाली. तेव्हा 'इंडियन एक्सप्रेस'ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा चक्क कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेवरूनच वाचकांना कळलं, इथे काहीतरी दाबलं गेलंय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!

हे सगळं मी अगदी रंगात येऊन सांगत होते. तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली.

"बाई, एक विचारू? माझी टाकीची बातमी तुम्ही गाळली की दाबली?"

वर्ग एकदम चिडीचूप.

झालं होतं असं. आमच्या भित्तिपत्रकासाठी तिने लिहून दिलं होतं की शाळेच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय आणि आत पाला पडतोय. त्याच आठवड्यात शाळेत पाहुणे यायचे होते. मी तो कागद टेबलाच्या खणात टाकला आणि तिला म्हटलं, "अगं, या वेळी जागा नाही." प्रत्यक्षात त्या जागेवर मी रांगोळीचं चित्र लावलं होतं.

क्षणभर वाटलं, 'गाळली' म्हणून मोकळं व्हावं. पण शब्दांचे अर्थ मीच तर फळ्यावर लिहिले होते! मी म्हटलं, "दाबली. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी तो कागद तिच्या नावासकट भित्तिपत्रकावर लागला. टाकी धुऊन नवं झाकण बसायला आणखी पंधरा दिवस गेले. पण तोवर मुलं घरून पाण्याच्या बाटल्या आणू लागली. बातमी आठवडाभर आधी लागली असती, तर तितके दिवस ते पाणी कुणाच्या पोटात गेलं नसतं. खणात ठेवलेल्या एका कागदाची किंमत मला तेव्हा कळली.

तेव्हा दोस्तांनो, एखादी गोष्ट सांगायची राहिली, की विचारा, गाळली की दाबली? आणि आईबाबांनो, हा प्रश्न घरात तुम्हालाही येईल बरं का. रागावू नका. खरं उत्तर द्या.