चूक वैमानिकाची, हिशेब कोणाचा?

लोहगावच्या तळावरून सुखोई विमाने झेपावली की विश्रांतवाडीपासून विमाननगरपर्यंत खिडक्यांची तावदाने थरथरतात. बोलणे थांबते, मुले गच्चीकडे धावतात. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम व २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी याच तळावरून सुखोईतून उड्डाण केले, तेव्हा पुणेकरांना अभिमान वाटला. तो आम्हांलाही वाटला. परंतु कौतुक म्हणजे हिशेब नव्हे.

लढाऊ वैमानिकांची स्वतःची एक संस्कृती आहे. बाहेरच्या माणसाला तिच्यातील ऐट आणि बेफिकिरी तेवढी दिसते. गाभा वेगळाच आहे. उड्डाण संपले की वैमानिक एकत्र बसतात आणि क्षणाक्षणाची चिकित्सा करतात. तेथे हुद्द्याची भीड धरायची नसते. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवावी, प्रत्येकाने आपली चूक आपण होऊन सांगावी, असा दंडक असतो. कारण झाकलेली चूक पुढच्या उड्डाणात कोणाचा तरी जीव घेते. आपल्या किती संस्था, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या किती पक्षशाखा, हा दंडक पाळतात?

दुर्दैव असे की, हा दंडक वैमानिकांच्या खोलीबाहेर, म्हणजे मंत्रालयापर्यंत, कधी पोहोचलाच नाही. मिग-२१ विमान १९६३ साली हवाई दलात आले. पुढे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ते आपल्याच कामगारांनी बांधले. विमान लढाईत गुणी, पण उतरताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे. संथ विमानावर शिकलेल्या तरुणाला एकदम त्याच्यावर बसवणे धोक्याचे होते. मधल्या टप्प्यासाठी प्रगत प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस १९८२ साली ला फॉन्टेन समितीने केली. त्यासाठी हॉक विमानांचा करार झाला २००४ साली, आणि ती बीदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली.

या काळाची किंमत कोणी मोजली? २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की, ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली असून १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. या सर्वांचे कारण प्रशिक्षणातील उणीव हेच होते, असे आमचे म्हणणे नाही. पण खरेदी लांबवून जी रक्कम वाचली ती अंदाजपत्रकात दिसली, आणि जे जीव गेले ते कोणत्याच रकान्यात दिसले नाहीत.

त्यांतला एक पुण्याचा होता. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ च्या सप्टेंबरमध्ये सुरतगढजवळ मिग-२१ कोसळून गेले. खापर वैमानिकाच्या दिशाभ्रमावर फुटले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणला. २००३ साली संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस स्वतः अंबाल्याहून मिग-२१ मधून उडाले. जॉर्ज आपल्याच चळवळीतले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही, आणि हॉकचा करारही त्यांच्याच कारकिर्दीत झाला, हे नमूद केले पाहिजे. परंतु एक मंत्री सुखरूप उतरला, एवढ्यावरून विमान सुरक्षित ठरत नाही. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही उत्तीर्ण केले नसते.

कारखान्यात यंत्राला संरक्षक जाळी नसते आणि कामगाराचा हात तुटतो, तेव्हा मालक म्हणतो, ‘कामगार निष्काळजी होता.’ हे वाक्य आपल्या कार्यकर्त्यांनी कितीतरी वेळा ऐकले आहे व खोडून काढले आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे त्याचेच गणवेशातले रूप होय. कधी ते खरेही असते. पण चूक घडू नये म्हणून जे पुरवायला हवे होते ते पुरवले होते काय, हा प्रश्न त्यापुढे विचारलाच जात नाही. कामगाराजवळ निदान संघटना आहे; वैमानिकाला संघटना करण्याची मुभा नाही. त्याचा अभिमान त्याला कुरकुर करू देत नाही, आणि सरकार त्या अभिमानावर आपली काटकसर चालवते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. समारंभ झाला, चिकित्सा झाली नाही. नागरी विमानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध होतो. लढाऊ विमानाचा गोपनीय राहतो. युद्धतंत्राची गुपिते जरूर राखावीत. पण सुटा भाग, देखभाल, प्रशिक्षण आणि विलंब यांविषयीचे निष्कर्ष दर वर्षी संसदेपुढे आलेच पाहिजेत, ही मागणी आपल्या पक्षाने लावून धरावी. तिच्यात देशद्रोह नाही. वैमानिक रोज आपल्या चुका सहकाऱ्यांपुढे मांडतो; त्याला विमान देणाऱ्यांनी वर्षातून एकदा तेवढेच करावे.