सुटीतली कादंबरी आमची आम्हाला निवडू द्या

जुलैची २० तारीख उलटली की तोक्योतल्या शाळांना सुटी लागते आणि सुटीबरोबर गृहपाठही घरी येतो. त्यात सर्वांत अवघड ‘दोकुशो कान्सोबुन’, म्हणजे पुस्तक वाचून त्यावर लिहायचा निबंध. यातले निवडक निबंध शाळा देशभरच्या स्पर्धेला पाठवतात. ही स्पर्धा १९५५ पासून चालू आहे. आम्हा चुगाक्कोच्या मुलांना त्यात २००० अक्षरांची मर्यादा असते, म्हणजे चारशे चौकोनांचे पाच कागद. पाचवा कागद भरेपर्यंत पुस्तक आवडले होते की नाही, हेच आठवत नाही.

यंदा पालकांच्या बैठकीत अशी सूचना आली, की मराठी वर्गानेही सुटीसाठी एक कादंबरी नेमून द्यावी आणि सप्टेंबरात सर्वांकडून दोन पानी निबंध घ्यावा. सूचना आमच्या भल्यासाठीच आहे, हे आम्हाला कळते. तरीही मोठ्या गटातील आम्हा सर्वांचे मत तिच्या विरुद्ध आहे. ते येथे मांडायला बाईंनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

आधी आम्ही मराठी कसे वाचतो ते सांगतो. जपानी पुस्तकात कांजी अनोळखी असली तरी तिच्याकडे पाहून अर्थाचा अंदाज येतो, उच्चार मात्र अडतो. मराठीत नेमके उलटे होते. फुरिगाना नसतानाही आम्ही अख्खे पान खणखणीत वाचून दाखवतो. आई खूश होते. पण पानावर काय घडले, असे तिने विचारले की आम्ही गप्प! तेव्हा काका-काकूंनो, आमचे वाचन ऐकून आम्हाला सगळे समजते असे कृपा करून समजू नका.

गेल्या सुटीत आमच्यातल्या चौघांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. तीही १९५५ सालचीच. कोणी नेमून दिली नव्हती, आमच्याकडच्या पुस्तकांत ती सर्वांत बारीक होती म्हणून घेतली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि पुढे गावकऱ्यांना घेऊन तालीम बांधतो. आम्हाला तालीम माहीत होती ती गणपतीतल्या नाटकाची. तालमीला इमारत कशाला लागते, ते कळेना. शेवटी एकीच्या म्हसवडच्या आजोबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले, मग त्यांच्या लहानपणीची तांबडी माती, कुस्त्या आणि दुष्काळात रिकामी झालेली गावे, असे तासभर सांगत बसले. त्यानंतर शेवटची पाने आम्ही एका बैठकीत वाचली. वाडी ओस पडते तेव्हा कोणीच काही बोलले नाही. डोक्यावर निबंध असता, तर आम्ही त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहून पुढे गेलो असतो.

आता निवडीचे. भाषांतर वाचले तर ते मराठी वाचन नव्हे, असे एका काकांचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटत नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानीत आले आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीतही काढले. ती कादंबरी नाही, खऱ्या आठवणी आहेत. पण रेल्वेच्या डब्यांत भरणारी जियुगाओकाची ती शाळा आम्ही जपानीत आधीच वाचली असल्याने मराठीत अडखळलो नाही. दुसरा वाद मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’चा. ती २००४ सालची. त्यात प्रेमाची भानगड आहे, म्हणून ती ‘मोठे झाल्यावर’ वाचायची म्हणे. अहो, त्यातला मुलगा नववीत आहे! आमच्याएवढाच.

आणि पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचीही मुभा हवी. ‘मृत्युंजय’ फार मोठी कादंबरी असेल, पण गेल्या वर्षी ती हट्टाने धरून बसलेल्या एकाने सुटीभर दुसरे मराठी पान उघडले नाही. त्याऐवजी त्याने फुरसुंगीच्या फास्टर फेणेची चार पुस्तके संपवली असती, तर काय बिघडले असते? जपानच्या त्या स्पर्धेतसुद्धा नेमलेल्या पुस्तकांबरोबर मनाने निवडलेल्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे.

तेव्हा आमची मागणी एवढीच. सुटीआधीच्या शेवटच्या वर्गाला प्रत्येकाने घरातली वाचण्याजोगी मराठी पुस्तके आणावीत. भारतातून येताना तेवीस किलोंच्या बॅगेत लोणच्याशेजारी जागा मिळालेली पुस्तके फार नसतील, पण सगळ्यांची मिळून एक खोके नक्की भरेल. प्रत्येकाने दहा पाने तिथेच वाचून पाहावीत आणि आवडेल ते घरी न्यावे. सप्टेंबरात निबंध मागू नये, ‘काय वाचलेस?’ एवढे विचारावे. ‘मृत्युंजय’ नेणाऱ्याने मात्र पिशवी भक्कम आणावी.